शहर बांधाला टेकलं की रानाच्या मातीचं काय होतं?

मळेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

आमचं रान हवेली तालुक्यात, पुण्याच्या पूर्व अंगाला. कालव्याच्या पाण्याखालची जमीन, वर दोन-अडीच फूट काळी आणि खाली मुरूम. वडील आणि चुलते कांदा, फ्लॉवर, कोथिंबीर, मेथी करायचे, अधूनमधून ऊस. आता तीन बाजूंना प्लॉटिंग झालंय, चौथ्या बाजूला नाला. रान आम्ही अजून करतो.

शहर वाढलं की शेतजमीन घटते, हे सगळेच बोलतात. किती एकर एनए (बिगरशेती) झालं, किती गावं आत आली, याची मोजदाद होते. २०१७ मध्ये ११ गावं पुणे महापालिकेत गेली, २०२१ मध्ये आणखी २३. पण गाव हद्दीत गेलं तरी मधल्या तुकड्यांवर पीक उभंच असतं. त्या तुकड्यांच्या मातीचं काय होतं, यावर मला मराठीत फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं आहे. इमारत उभी राहायच्या कितीतरी वर्षं आधी माती बिघडायला लागते, आणि ती शेजारच्या बांधकामामुळे बिघडते. उत्पन्न उतरतं. मग घरातलेच म्हणतात, रान पिकत नाही, काढून टाका. जमीन विकली म्हणून माती गेली, हे अर्धंच खरं. बऱ्याचदा माती गेली म्हणून जमीन विकली जाते.

आमच्या शेजारच्या चार एकरांत गुंठेवारीचे प्लॉट पडले. त्यांनी आधी वरची काळी माती उचलून नेली, मग रस्त्याच्या पातळीला यायला चार-पाच फूट मुरमाचा भराव केला. आमचं रान खड्ड्यात गेलं. पूर्वी पावसाचं पाणी त्या रानातल्या ओघळीने नाल्याला लागायचं. आता ते भरावाला अडतं आणि आमच्या खालच्या अर्ध्या एकरात आठ-आठ दिवस उभं राहतं. वाफसा (पेरणीजोगी ओल) येईपर्यंत पेरणीची वेळ निघून जाते. पोटचारी कंपाउंडच्या भिंतीखाली गाडली गेली, त्यामुळे आवर्तनाचं पाणी आमच्यापर्यंत पोचत नाही. उन्हाळा बोअरवर काढावा लागतो आणि बोअरचं पाणी आता मचूळ लागतं. रात्री ट्रॅक्टर येऊन बांधावर राडारोडा ओतून जातात. कोण, कुठले, सकाळी काही पत्ता नसतो.

परवा त्या बांधालगत कुदळीने खणून पाहिलं. वरच्या चार बोटांत सिमेंटच्या खपल्या, टाइलचे तुकडे, सिमेंटच्या गोणीचे पांढरे धागे. त्याखाली माती करडी-निळसर, चिकट, गटारासारख्या वासाची. उसाच्या खोडव्याची मुळं थोडी खाली जाऊन आडवी वळलेली. एक गांडूळ नाही. रानाच्या मधोमध खणलं तर माती अजून रवाळ निघते आणि मुळं सरळ खाली जातात. पन्नास पावलांच्या अंतरात दोन वेगळ्या जमिनी झाल्यात.

मातीचं आरोग्यपत्रक काढलं. सामू (पीएच) पूर्वी ७.८ होता, आता ८.४. सेंद्रिय कर्ब ०.६ टक्क्यांवरून ०.४ वर आलाय. कर्ब का उतरला ते मला समजतं. गावातली गुरं गेली. वैरण मिळत नाही, गोठ्याच्या वासावरून नव्या सोसायट्यांतले लोक तक्रारी करतात, आणि राखणीला माणूस नाही. पूर्वी शेणखत गावातल्या गावात मिळायचं, आता ट्रॉली बाहेरून मागवावी लागते. सामूचं मात्र कोडं आहे.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अशी बांधाकडची जमीन कुणी परत आणली आहे का? आणि एवढ्या साइटवरून निघणारी काळी माती जाते कुठे?

---

मृदासेवक

मळेकर दादा, माझी सगळी नोकरी माती परीक्षण प्रयोगशाळेत झाली, त्यामुळे सामूचं कोडं आधी घेतो.

ओल्या सिमेंटचा सामू १२ च्या वर असतो. बांधकामाच्या कचऱ्यातला चुना पावसाबरोबर हळूहळू मातीत उतरतो. आपली काळी जमीन बसाल्टपासून झालेली आणि मुळातच चुनखडीकडे झुकणारी. त्यात ही भर पडली की लोह आणि जस्त मातीत असूनही पिकाला मिळत नाही. स्फुरदही (फॉस्फरस) चुन्याशी बांधला जातो, म्हणजे तुम्ही टाकलेल्या खताचा काही भाग वायाच जातो. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या अशी लक्षणं बांधाकडच्या उसावर दिसतात का? तो लोहाच्या कमतरतेचा केवडा. नत्र कमी पडलं तर आधी जुनी, खालची पानं पिवळी पडतात. हा फरक बघा, नाहीतर युरिया टाकत बसाल आणि केवडा जागचा हलणार नाही.

बोअरचं मचूळ पाणी मात्र जास्त काळजीचं. सांडपाण्यात साबण, डिटर्जंट आणि मिठाचं सोडियम असतं. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात घाण आणि जिवाणू कमी होतात, विरघळलेलं सोडियम तसंच पुढे जातं. ते मातीत साठलं की चिकणमातीचे कण एकमेकांना सोडतात. पाऊस पडला की चिखल होतो, ऊन पडलं की वर कडक पापुद्रा धरतो आणि पाणी खाली मुरत नाही. हीच चोपण. विनिमययोग्य (मातीच्या कणांना धरून बसलेलं) सोडियम १५ टक्क्यांच्या वर आणि सामू ८.५ च्या वर गेला की जमीन चोपण धरतात. तुम्ही उंबरठ्यावर आहात, म्हणून सोडियमची तपासणी मुद्दाम सांगून करून घ्या. आरोग्यपत्रकात १२ घटक असतात, त्यांत सोडियम नसतं आणि शिसं-कॅडमियमसारखे जड धातूही नसतात. २०१५ मध्ये ही पत्रिका सुरू झाली तेव्हा ती खताचं प्रमाण ठरवण्यासाठी आखली होती. शहराच्या कडेच्या जमिनीची दुखणी तिच्यात पूर्ण दिसत नाहीत.

कर्बाचा हिशोबही सांगतो. एका एकरातली वरची फूटभर माती ढोबळमानाने १,६०० टन भरते. कर्ब ०.६ वरून ०.४ वर आला म्हणजे एकरी तीन टनांहून जास्त निव्वळ कर्ब गेला. शेणखतातला बराचसा कर्ब वर्षभरात कुजून हवेत जातो, थोडाच मातीत टिकतो. त्यामुळे ही भर हंगाम-दोन हंगामांत पडणारी नाही.

आणि कुणी सांगितलं म्हणून जिप्समच्या गोण्या आणून ओतू नका. सोडियम जास्त असेल तरच त्याचा उपयोग, आणि निचरा नसेल तर तेव्हाही नाही. सुटलेलं सोडियम वाहून जायला वाट लागते.

---

वाडीवाला

धागा आवडला. आमची वाडी वसईच्या पश्चिम पट्ट्यात. राजेळी केळी, पानवेल, फुलं, थोडी भाजी. तुमच्याकडे भराव, आमच्याकडे मीठ.

आमच्या गावांत पूर्वी जागोजागी बावखलं होती. खणलेली गोड्या पाण्याची तळी. पावसाचं पाणी त्यांत साठायचं, जमिनीत मुरायचं आणि विहिरी गोड राहायच्या. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. वरून भर पडत राहिली तोवर खारं पाणी खाली दबून राहतं. बावखलं बुजली, वर घरं आणि रस्ते झाले, मुरणं थांबलं. दुसऱ्या बाजूने विहिरी आणि बोअरमधून पाणी टँकरने इमारतींकडे जायला लागलं. खारं पाणी वर चढलं. तेच पाणी शिंपत राहिलं की माती खारवते. केळीला मीठ लगेच बाधतं, पानांच्या कडा करपतात, लोंगर लहान येतो. पानवेल त्याहून नाजूक.

२००९ मध्ये इथे महानगरपालिका झाली तेव्हा गावांनी विरोध केला होता. त्यामागे राजकारण होतं तसं पाण्याचं आणि वाडीचं भयही होतं. पुढे जुलै २०१८ च्या पुरात वसई किती दिवस पाण्याखाली होती ते सगळ्यांनी पाहिलं. मिठागरं आणि सखल जागा भरल्या की पाणी वाड्यांतच उभं राहणार.

आमच्या आळीत एक बुजत आलेलं बावखल काही घरांनी मिळून गाळ काढून मोकळं केलं. काढलेला गाळ वाडीत पसरला. लगतच्या विहिरीची चव दोन पावसाळ्यांत सुधारली. पण हे तिथेच जमतं जिथे जागा अजून कुणी भरलेली नाही.

---

साईटवाली

मी सिव्हिल इंजिनिअर आहे, पुण्याच्या आसपासच्याच साइटवर काम करते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते.

बांधकामाला काळी माती नको असते. ती पाण्याने फुगते, उन्हाने आक्रसते आणि पाया हलवते. म्हणून साइट हातात आली की पहिलं काम वरची माती काढायची. कागदावर नियम आहे. २० हजार चौरस मीटरच्या वरच्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्या अटींत 'वरची सुपीक माती वेगळी साठवून प्रकल्पातल्याच बागेसाठी वापरावी' असं साधारणपणे असतंच. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी जेसीबीवाल्याला माती आणि मुरूम वेगळं काढा असं कुणी सांगतच नाही. दोन्ही एकाच डंपरमध्ये भरून जातं, कुठली तरी खाण किंवा खड्डा भरायला. जिथे ढीग ठेवतात तिथे पंधरा-वीस फूट उंच ढीग करतात आणि इमारत होईपर्यंत तीन-चार वर्षं तो तसाच. आतल्या मातीला हवा नाही, त्यामुळे जीव उरत नाही. साठवायची तर दोन मीटरच्या आत उंची हवी आणि वर ताग किंवा गवत पेरलेलं हवं.

गुंठेवारीच्या प्लॉटला तर यातली कुठलीच अट लागत नाही. आणि शहराच्या कडेला आधी येतं ते गुंठेवारीचं प्लॉटिंगच.

प्रमाण सांगते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. फूटभर माती काढली तर गुंठ्याला जवळपास ११ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), एकराला ४३५ ब्रास. तुमच्या शेजारच्या चार एकरांतून फूटभरच उचलली असली तरी १,७०० ब्रासच्या वर गेली.

अजून एक गोष्ट शेतकऱ्यांना सहसा माहीत नसते. रस्त्याखालचा भराव आम्ही मुद्दाम दाबतो, प्रयोगशाळेत मिळणाऱ्या कमाल घनतेच्या ९५ टक्क्यांपर्यंत. ते बांधकामासाठी बरोबरच आहे. पण तोच रोलर आणि तेच भरलेले हायवा (मोठे डंपर) शेजारच्या रानातून वळायला जागा म्हणून जातात. चिकण मातीची घनता घन सेंटीमीटरला दीड ग्रॅमच्या आसपास गेली की मुळं आत शिरत नाहीत. तुमची मुळं आडवी वळली त्याला पाणी कारण असेलच, पण बांधावरून गाड्या गेल्या होत्या का ते आठवून बघा.

---

मळेकर

मृदासेवक काका, केवडा बरोबर ओळखलात. बांधाकडच्या दहा-बारा सऱ्यांतच आहे आणि आम्ही त्याला युरियाच टाकत होतो.

साईटवाली ताई, हो, भरावाच्या वेळी डंपर आमच्या कडेने वळायचे. पीक निघालेलं होतं म्हणून चुलत्यांनी हरकत घेतली नव्हती.

वाडीवाला दादा, बावखलाबद्दल पहिल्यांदाच वाचलं. आमच्याकडे ओढ्याकाठचे झरे होते. एका मोठ्या इमारतीच्या तळघराचं खोदकाम चाललं तेव्हा महिनोन्महिने पंप लावून पाणी गटारात सोडत होते. त्या साली आजूबाजूच्या विहिरी जानेवारीतच तळाला गेल्या.

---

शिवारातला

मळेकर, मनापासून लिहिलंय तुम्ही. पण एक बाजू राहू नये म्हणून सांगतो.

आमचं रान मी पाच वर्षांपूर्वी विकलं. चार भावांत दोन एकर. पाणी नाही, मजूर नाही, मुलीचं शिक्षण, आईचं आजारपण. माती चांगली होती. कर्ब आणि सामू काय होता हे बघायला मला कुणी विचारलंसुद्धा नाही. रेडीरेकनर (जमिनीचा सरकारी दरतक्ता) रस्त्यापासूनचं अंतर बघतो, झोन बघतो, मातीची खोली त्यात कुठेच नाही. काळ्याभोर गाळाच्या गुंठ्याला आणि खडकाळ गुंठ्याला भाव तोच. उलट खडकाळ बरा, पाया लवकर लागतो.

माती वाचवायची जबाबदारी शेतकऱ्याने भावनेपोटी घ्यावी असं कुणी म्हणू नये. पुण्यातल्या मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन चारशेच्या वर एकर स्वतः विकसित केलं, हिस्सा स्वतःकडे ठेवला. त्यांचं भलं झालं याचा आनंद आहे. पण तिथेही ऊस-भाजीची जमीन बांधकामाखालीच गेली. कुटुंब सावरणं आणि माती टिकणं या दोन गोष्टी आजच्या व्यवस्थेत एकत्र होत नाहीत, आणि त्यासाठी विकणाऱ्याला बोल लावू नये.

---

मळेकर

शिवारातला दादा, बोल तुम्हाला नाहीच. माझ्या घरातही हीच चर्चा रोज चालते आणि उद्या आमच्यावर ती वेळ येणार नाही असं मी म्हणत नाही. मातीची खोली आणि प्रत भावात धरली जात नाही, हा तुमचा मुद्दा मला या सगळ्याचं मूळ वाटतो. मातीला किंमत असती तर १,७०० ब्रास कुणी खाणीत ओतले नसते.

---

सासवडरोड

पुण्याजवळच्या फुरसुंगीचं नाव अजून कुणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

'पुना फुरसुंगी' कांद्याचं बी आज महाराष्ट्रभर विकलं जातं. टिकाऊ उन्हाळी कांदा म्हणून नगर-नाशिकचे शेतकरी मागून घेतात. मांजरीच्या गोट्या वांग्याचंही तेच. ही वाणं ज्या शिवारांची, तिथे आज प्लॉट, गोदामं आणि सोसायट्या आहेत. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत पुण्याचा कचरा किती वर्षं पडत होता हे सगळ्यांना माहीत आहे. कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याने विहिरी गेल्या आणि गावाला पिण्याचं पाणी टँकरने द्यावं लागलं. विहीर गेली की त्या विहिरीवरचं रान गेलं. कचऱ्यावर माती टाकून झाकलं तरी खालून झिरपणं लगेच थांबत नाही.

याच संदर्भात एक सूचना. ओल्या कचऱ्याचं खत शहरातून स्वस्तात मिळतं म्हणून अनेक जण भरतात. चांगलं खत मिळतही असेल, मी सरसकट वाईट म्हणत नाही. पण काचेचे बारीक तुकडे आणि प्लास्टिकच्या चिंध्या एकदा रानात गेल्या की परत वेचता येत नाहीत. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी मर्यादा आहेत: शिसं किलोला १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५, क्रोमियम ५०, निकेल ५०. विकणाऱ्याकडे तपासणीचा कागद मागा. देत नसेल तर घेऊ नका.

---

कृष्णाकाठ

इकडे कराड-सांगली भागात मातीचा गिऱ्हाईक वेगळा, वीटभट्टी. शहराला विटा लागतात आणि नदीकाठचा पोयटा (गाळाची माती) विटेला सगळ्यात चांगला. शेतकरी दोन-तीन फूट माती भट्टीला देतो, हातात रोख पैसा येतो, 'रान सपाट करून घेतलं' असं म्हणतो. पुढे पिकाखाली उरते ती खालची, जिच्यात कर्ब जवळपास नसतो.

केंद्राने १९९९ मध्ये राखेची अधिसूचना काढली, तिचा एक हेतू वरची माती वाचवणं हाच होता. औष्णिक वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत विटांमध्ये राख मिसळणं सक्तीचं केलं. ते अंतर पुढे १०० आणि २०१६ मध्ये ३०० किलोमीटर झालं. राखेच्या विटा, ब्लॉक वाढले हे खरं. पण पोयट्याची लाल वीट आजही मागणीला आहे.

---

गच्चीबाग

मी शेतकरी नाही, सोसायटीची बाग बघते, तरी लिहिते.

आमच्या सोसायटीची बाग म्हणजे मुरमावर नऊ इंच लाल माती आणि वर लॉन. पाच वर्षांत लावलेल्या झाडांपैकी तीन पावसाळी वाऱ्यात मुळासकट आडवी झाली. मुळं मातीच्या थरातच चकलीसारखी फिरलेली होती, मुरमात एकही गेलं नव्हतं. त्यातून ही लाल माती येते कुठून? नर्सरीवाल्याला विचारलं तर 'मुळशीकडची', 'ताम्हिणीकडची' असं उत्तर मिळतं. म्हणजे इथली काळी माती खाणीत आणि तिथल्या डोंगरउताराची माती आमच्या लॉनखाली. साईटवाली ताईंचं वाचून फार वाईट वाटलं.

आम्ही आता लाल माती विकत घेणं बंद केलंय. वाळलेला पाला जाळत नाही, वाफ्यांत हातभर थर घालून शेणाच्या पाण्याने कुजवतो. श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवारातल्या एका काकांनी पूर्वी शिकवलं होतं की पालापाचोळ्यापासून माती घडवता येते, फक्त धीर हवा. दोन वर्षांत वरचा थर काळा आणि भुसभुशीत झालाय. झाडांच्या बुंध्यापर्यंत आलेले पेव्हर ब्लॉकही उखडले. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडाभोवती मीटरभर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं, त्याची प्रत सभेत वाचली तेव्हा कमिटी तयार झाली.

---

खाजनकार

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे सखल भातशेतं भरून प्लॉट करतात, तेही डोंगर कापून आणलेल्या मातीने. दोन्हीकडची जमीन एका दमात जाते. खाजनांत (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतांत) तर एका शेताचा भराव झाला की सगळ्या शेतांचा पाणीव्यवहार बिघडतो, कारण बांध आणि मानस (पाणी सोडायची-अडवायची दारं) सगळ्यांचे मिळून चालतात. एक भराव पडला की शेजारची शेतं दोन हंगामांत पड राहतात. मळेकरांचं 'माती गेली म्हणून जमीन विकली जाते' हे वाक्य आमच्या गावाला जसंच्या तसं लागू आहे.

---

सातबारा

मळेकर, निचऱ्याबद्दल एक कायद्याची वाट आहे. मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५. शेतजमिनीवरच्या पावसाच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कुणी बेकायदा अडवला आणि पिकाचं नुकसान होत असेल, तर अडथळा काढायचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. मुदत उलटली असेल तर वकिलांशी बोलून दिवाणी न्यायालयाचा विचार करा. नव्याने भराव पडत असेल तर ज्यांचे बांध लागतात त्यांनी आजच फोटो काढून ठेवा आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. जुनी ओघळ गावनकाशावर असेल तर ती प्रत फार कामाला येते.

राडारोड्यासाठी बांधकाम कचऱ्याचे वेगळे नियम आहेत. टाकणाऱ्या गाडीचा नंबर मिळाला तरच तक्रार पुढे सरकते.

---

बागायतदार दौंड

आमच्याकडं मुळा-मुठेचं पाणी येतं, त्यामुळं शहराची सगळी घाण आधी आमच्या मातीनं बघितलीय. नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा आणि खाली काळं पाणी. सुरुवातीला लोक खूष होते. पाण्यातच नत्र, ऊस नुसता माजायचा. नंतर उसाला वाढ दिसायची पण वजन भरंना, आणि जमीन कडक पडाय लागली. मुंढव्याच्या जॅकवेलवरून (नदीचं पाणी उपसायच्या केंद्रावरून) कालव्याला येणाऱ्या पाण्याचंबी तेच, वापरायचं तर जपून वापरायचं.

आमचा एक तुकडा आम्ही परत आणलाय, म्हणून सांगतो. आधी निचरा. बाकी सगळं नंतर. रानाच्या खालच्या अंगाला तीन फूट खोल चर काढला आणि नाल्याला जोडला. तुमच्याकडं नाला आहे ते नशीब समजा, फक्त पावसाळ्यात नाल्याचं पाणी उलटं चरात येणार नाही एवढी पातळी बघून घ्या. दुसरं, घट्ट थर उन्हाळ्यात फोडायचा, माती पूर्ण वाळलेली असताना. ओल्यात सबसॉयलर (खोल नांगर) घातला तर उलट चिखलाची भिंत तयार होती. तिसरं, पहिल्या पावसावर धैंचा, हिरवळीच्या खताचं पीक. ताग पाणी धरलेल्या रानात तग धरत नाही, धैंचा धरतो. फुलावर यायच्या आत, दीड महिन्यात गाडायचा. चौथं, पाचट जाळायचं नाही.

तपासणीत सोडियम जादा निघालं होतं म्हणून जिप्सम दिलं, पण चर झाल्यावर. तिसऱ्या वर्षी गांडूळ दिसलं. उसाची पहिल्यासारखी सरासरी अजून नाही आली, पण हरभरा-ज्वारी चांगली येती. आणि त्या तुकड्यात पालेभाजी करत नाही. पालक-मेथी पाण्यातलं जे काय असंल ते पानात उचलती, ते लोकांनी खावं असं मला वाटत नाही.

---

मृदासेवक

दौंडच्या दादांनी क्रम अगदी बरोबर सांगितला. पालेभाजीचा मुद्दाही महत्त्वाचा. कॅडमियम पानांत जास्त चढतं, दाण्यात तुलनेने कमी. गच्चीबाग ताई, रस्त्याकडेची जुनी माती कुंडीत घेत असाल तर शिशाची तपासणी करून घ्या. शिशाचं पेट्रोल २००० मध्ये बंद झालं, पण मातीत पडलेलं शिसं कुठे जात नाही.

मळेकर, नमुना घेताना सगळ्या रानाची माती एकत्र करू नका, इथेच बहुतेकांचा अहवाल फसतो. बांधाकडची पट्टी, पाणी उभं राहतं तो भाग आणि मधलं रान असे तीन वेगळे नमुने. प्रत्येक भागात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा, वीतभर खोल, कडेची माती वरून खालपर्यंत सारख्या जाडीने तासून घ्यायची. राडारोड्याचे खडे काढून टाका, पण बाजूला ठेवून वजन करा. किती टक्के खडा आहे हे कळणंही गरजेचं आहे. एक नमुना फूट ते दोन फूट खोलीचा घ्या. बोअरचं पाणी स्वच्छ बाटलीत वेगळं द्या आणि सोडियमसाठी तपासायला सांगा.

---

साईटवाली

मळेकर, आमच्या साइटवर पुढच्या महिन्यात दोन एकरांचं खोदकाम सुरू होतंय. जमीन गेल्या वर्षापर्यंत पिकाखाली होती, वर दीड फूट चांगली काळी माती आहे. बागेला लागते तेवढी ठेवून बाकीची वेगळी काढायला मी वरिष्ठांना तयार केलंय, जेसीबीवाल्याला आधी फक्त फूटभर तासायला सांगणार आहे. ती खाणीत जाण्यापेक्षा तुमच्या बांधाकडच्या पट्टीत जावी असं वाटतं. माती गौण खनिजात मोडते, म्हणून वाहतुकीच्या परवान्याचं आधी तहसील कार्यालयात विचारावं लागेल.

---

मळेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

चुलत्यांशी बोललो. आधी नाल्याला चर काढायचं ठरलंय, पाऊस सुरू व्हायच्या आत. तीन नमुने आणि बोअरचं पाणी या आठवड्यात देतोय. आमच्या बाबतीत सहा महिन्यांची मुदत गेलेली आहे, पण वरच्या बाजूला नवीन प्लॉटिंगची आखणी सुरू झालीये, तिथल्या दोन शेतकऱ्यांना सातबारा यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते तलाठ्याकडे जाणार आहेत.

साईटवाली ताई, माती हवीच आहे. पण चर झाल्याशिवाय आणि खालचा घट्ट थर फोडल्याशिवाय वर नवी माती टाकली तर तीही वर्षभरात तशीच होईल, असं दौंडच्या दादांच्या लिहिण्यावरून वाटतं. तोपर्यंत साधारण ८० ब्रास माती आमच्या वरच्या कोपऱ्यात कंबरभर उंचीचे लांब ढीग करून ठेवता येईल, वर धैंचा पेरून. तिचाही एक नमुना आधी तपासून घेऊ. परवान्यासाठी साइटचा गट नंबर लागेल, तो व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? सोमवारी तहसीलला जातोय.